पोस्टग्रेस अडलंय? आधी बघा, कुणी काय धरून ठेवलंय

पोस्टग्रेस या डेटाबेसचा सर्व्हर सांभाळणाऱ्यांना पडणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ॲपला कनेक्शन मिळत नाही. डिस्क भरली. लाखो ओळी डिलीट केल्या तरी जागा सुटत नाही. एक साधं ऑल्टर टेबल अर्धा तास लटकलंय. उत्तर शोधायला गेलं की सेटिंगांच्या याद्या हाती येतात: हे वाढवा, ते कमी करा. बहुतेक वेळा दुखणं तिथं नसतंच. कुणीतरी काहीतरी धरून बसलेलं असतं: कनेक्शन, ट्रान्झॅक्शन (बिगिनपासून कमिटपर्यंतचा कामांचा गठ्ठा), लॉक, नाहीतर रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरसाठी बदल राखून ठेवणारी नोंद). तो धरून बसलेला सापडला की निम्मं काम झालं.

एक खुलासा. सेटिंगांची आणि व्ह्यूंची नावं इथं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती लहान रोमन अक्षरांत, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर देऊन लिहायची. आकडे हल्लीच्या आवृत्त्यांचे आहेत. जिथं आवृत्तीनं फरक पडतो तिथं तसं सांगितलं आहे.

‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’

हा संदेश दिसला की पहिला हात जातो मॅक्स कनेक्शन्सकडे. डिफॉल्ट १०० असतं, ते ५०० करायचं, सर्व्हर रीस्टार्ट करायचा आणि झोपायला जायचं. आठवड्यानं ५००ही भरतात.

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची एक वेगळी प्रोसेस. नुसती बसून असली तरी ती थोडी मेमरी खाते, आणि ८ कोअरच्या मशीनवर ३०० प्रोसेस एकदम कामाला लागल्या तर एकमेकींच्या पायात पाय घालत सगळ्याच मंदावतात. म्हणून आधी मोजणी करा. पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी या व्ह्यूवर स्टेटनुसार ग्रुप बाय लावून काउंट काढा. साधारण तीनच चित्रं दिसतात.

बरीच कनेक्शनं ‘ॲक्टिव्ह’ असतील, तर खरंच काम जास्त आहे किंवा सगळी एकाच लॉकसाठी ताटकळली आहेत. वेट इव्हेंट टाइप या रकान्यात ‘लॉक’ दिसलं तर दुसरी शक्यता खरी. बरीच ‘आयडल’ असतील, तर ॲपच्या पूलनं (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यानं) लागतात त्याहून जास्त उघडून ठेवली आहेत. इथं हिशेब कागदावर मांडावा: ४ ॲप सर्व्हर, प्रत्येकावर ८ वर्कर प्रोसेस, प्रत्येक वर्करचा पूल १० चा, म्हणजे ३२० कनेक्शनं. ज्यानं पूल १० चा ठेवला, त्यानं तो ‘फक्त दहाच तर आहे’ म्हणून ठेवलेला असतो. तिसरं चित्र ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’चं. ते सगळ्यात वाईट, त्यावर पुढं येतोच.

पहिल्या दोन चित्रांवर उपाय म्हणजे मध्ये पीजीबाउन्सर हा कनेक्शनं वाटून देणारा मध्यस्थ बसवणं. ॲप त्याच्या ६४३२ पोर्टला जोडायचं, तो पुढं ५४३२ वर मोजकी कनेक्शनं ठेवतो. ८ कोअरला २० ते ३० खरी कनेक्शनं पुष्कळ झाली. त्याचा ट्रान्झॅक्शन मोड घेतला तरच फायदा दिसतो, पण त्या मोडमध्ये एक ट्रान्झॅक्शन संपलं की मागचं कनेक्शन दुसऱ्याला जातं. त्यामुळे सेशनभर टिकणाऱ्या गोष्टी मोडतात: साधं सेट, लिसन, सेशन पातळीचे ॲडव्हायझरी लॉक, टेम्पररी टेबलं. ड्रायव्हर आपल्या आपण जी प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स पाठवतो ती पीजीबाउन्सरच्या १.२१ आवृत्तीपासून, मॅक्स प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स शून्याहून जास्त असेल तर, चालतात. त्याआधीची आवृत्ती असेल तर ड्रायव्हरमध्ये ती बंद करावी लागतात. ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट अमुक डझ नॉट एक्झिस्ट’ अशी एरर अधूनमधून येते, दरवेळी येत नाही, तेव्हा कारण हमखास हेच.

शंभरातली ३ कनेक्शनं सुपरयूजरसाठी राखीव असतात, म्हणजे सगळं भरलं तरी तुम्हाला आत शिरून बघता येतं. पण ॲपच जर पोस्टग्रेस या सुपरयूजरनं लॉगिन करत असेल, तर ते ही ३ सुद्धा गिळतं आणि तुम्ही बाहेर. ॲपसाठी वेगळा, साधा रोल असण्याची सुरक्षेपलीकडची कारणं आहेत, त्यातलं हे एक.

जेवायला गेलेलं ट्रान्झॅक्शन

‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ म्हणजे बिगिन म्हटलं, एखादी क्वेरी केली, आणि कमिट किंवा रोलबॅक न करता गप्प. ॲप मध्येच बाहेरच्या एखाद्या सेवेला फोन लावून उत्तराची वाट बघतंय, किंवा कुणी क्लायंट टूलमध्ये ऑटोकमिट बंद करून एक अपडेट चालवलं आणि डबा खायला गेलं.

बाहेरून हे निरुपद्रवी दिसतं. सीपीयू शून्य, डिस्क शून्य. पण त्या ट्रान्झॅक्शननं घेतलेले लॉक तसेच राहतात. शिवाय त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे डेटाचं त्या क्षणाचं चित्र, धरलेला असेल, तर त्यानंतर मेलेल्या (बदललेल्या किंवा डिलीट केलेल्या) ओळी ‘याला कदाचित अजून दिसायला हव्यात’ म्हणून व्हॅक्युम, म्हणजे साफसफाई करणारं काम, त्यांना हात लावत नाही. आणि हे फक्त त्याच टेबलापुरतं नाही, त्या डेटाबेसमधल्या सगळ्या टेबलांना लागू. रिपोर्टसाठी सहा तास चालणारी एक सिलेक्ट क्वेरीसुद्धा हेच करते. ती वाचते भलत्याच टेबलातून, आणि फुगतं ऑर्डर्सचं टेबल.

शोधायचं असं: पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीमधून पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), यूजनेम, ॲप्लिकेशन नेम, स्टेट, एक्झॅक्ट स्टार्ट आणि बॅकएंड एक्समिन घ्या, एक्झॅक्ट स्टार्टनं चढत्या क्रमानं लावा. पहिल्या दोन-तीन ओळींत गुन्हेगार असतो. क्वेरी रकान्यात दिसते ती त्याची शेवटची क्वेरी, सध्या चालू असलेली नव्हे. इथं फसायला होतं.

कायमचा बंदोबस्त म्हणजे आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट. डिफॉल्ट शून्य, म्हणजे बंद. ॲपच्या रोलवर ऑल्टर रोल करून १ ते ५ मिनिटं लावा. सगळ्या सर्व्हरवर एकदम लावण्यापेक्षा रोलवर लावलेलं बरं, कारण रात्रीच्या कुठल्यातरी बॅचला दहा मिनिटं लागत असतात आणि ते तेव्हाच कळतं. ॲप्लिकेशन नेम प्रत्येक सेवेनं वेगळं पाठवावं असा आग्रह धरा. नाहीतर २० ओळींत एकच नाव दिसतं आणि कुणाला फोन करायचा ते कळत नाही.

डिलीट केलं, जागा कुठं गेली?

पोस्टग्रेस ओळ जागच्या जागी बदलत नाही. अपडेट म्हणजे नवी प्रत लिहायची आणि जुनी मेलेली समजायची. डिलीट म्हणजे नुसती खूण. व्हॅक्युम येऊन त्या मेलेल्या ओळींची जागा ‘पुन्हा वापरायला मोकळी’ करतो. ऑपरेटिंग सिस्टिमला तो जागा परत देतो ती फक्त फाइलच्या शेवटची पानं पूर्ण रिकामी असतील तेव्हा. म्हणून डिस्कची जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडचा आकडा हलत नाही. त्याच टेबलात पुढच्या महिन्यात तेवढ्याच ओळी येणार असतील, तर हलायची गरजही नाही.

जागा परतच हवी असेल तर व्हॅक्युम फुल. पण तो टेबलावर सगळ्यात कडक लॉक घेतो, साधं सिलेक्टसुद्धा थांबतं, आणि जिवंत डेटाची पूर्ण नवी प्रत इंडेक्सांसकट बनवतो. ८० जीबीच्या टेबलात खरा डेटा ३० जीबी असेल, तर काम चालू असताना आणखी ३० जीबी मोकळे लागतात. डिस्क ९८ टक्के भरल्यावर हा उपाय आठवतो आणि तेव्हाच तो चालत नाही. लॉक परवडत नसेल तर पीजी रिपॅक हे एक्स्टेंशन हेच काम मागच्या बाजूनं करतं. लॉक फक्त सुरुवातीला आणि शेवटी, क्षणभर. जागा मात्र त्यालाही लागते, आणि टेबलाला प्रायमरी की किंवा नल नसलेला युनिक इंडेक्स हवा. लॉग, हजेरी, सेन्सर असला दर महिन्याला काढून टाकायचा डेटा असेल तर टेबल महिन्यानुसार पार्टिशन करा. जुनं पार्टिशन डिटॅच करून ड्रॉप केलं की जागा तत्क्षणी सुटते, व्हॅक्युमचा प्रश्नच येत नाही.

ऑटोव्हॅक्युम, म्हणजे आपोआप सुटणारा व्हॅक्युम, ‘चालत नाही’ अशी तक्रार असते, ती बहुधा गणिताची असते. टेबलावर व्हॅक्युम केव्हा सुटणार? मेलेल्या ओळी ५० अधिक एकूण ओळींच्या २० टक्के झाल्या की. हजार ओळींच्या टेबलाला हे ठीक आहे. १० कोटी ओळींच्या टेबलात २ कोटी ओळी मरेपर्यंत कुणी फिरकत नाही. अशा मोजक्या मोठ्या टेबलांवर ऑल्टर टेबलनं ऑटोव्हॅक्युम व्हॅक्युम स्केल फॅक्टर ०.०१ करा, मग १० लाखांवर सुटेल. टेबलाची आकडेवारी गोळा करणाऱ्या ॲनलाइझचा फॅक्टर ०.१ असतो, तोही त्याच हातानं खाली आणा.

दुसरी गोची वेगाची. ऑटोव्हॅक्युम मुद्दाम दम खात चालतो: कॉस्ट लिमिट (कामाच्या गुणांची मर्यादा) २०० झाली की २ मिलिसेकंद थांब. बारा आवृत्तीच्या आधी हे थांबणं २० मिलिसेकंदांचं होतं. वेग वाढवायला लोक वर्कर ३ वरून ६ करतात आणि काहीच फरक पडत नाही, कारण ती २०० ची लिमिट सगळ्या वर्करांत वाटून जाते. दुप्पट माणसं, पगार तेवढाच. एसएसडीवर आधी कॉस्ट लिमिट १००० ते २००० करा, मग वर्करांचं बघा. ऑटोव्हॅक्युम बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला तो सर्व्हर सांभाळायला द्या.

आणि व्हॅक्युम चालूनही मेलेल्या ओळी तशाच राहत असतील तर व्हॅक्युम व्हर्बोस चालवून आउटपुट वाचा. ‘डेड बट नॉट येट रिमूव्हेबल’ असा आकडा मोठा दिसला तर पुन्हा मूळ प्रश्नावर या: कोण धरून बसलंय? चारच ठिकाणं असतात. लांबलेलं ट्रान्झॅक्शन. बेवारस रेप्लिकेशन स्लॉट. पीजी प्रिपेअर्ड एक्झॅक्ट्समध्ये अडकलेलं टू-फेज (प्रिपेअर केलेलं, पण कमिट न झालेलं) ट्रान्झॅक्शन. हे सर्व्हर रीस्टार्ट केला तरी जात नाही, म्हणून सगळ्यात उशिरा सापडतं. आणि हॉट स्टँडबाय फीडबॅक चालू असलेल्या रेप्लिकावरची (मूळ सर्व्हरच्या प्रतीवरची) लांब क्वेरी, जी प्रायमरीवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, दिसतच नाही.

याच गाठीतून पुढचा, मोठा अपघात होतो. ट्रान्झॅक्शनचा क्रमांक ३२ बिटांचा, म्हणजे सुमारे ४२९ कोटींचं चक्र, आणि त्यातला निम्मा भाग ‘मागचा’ मानला जातो. जुन्या ओळी व्हॅक्युमनं वेळेत गोठवल्या नाहीत, म्हणजे त्यांच्यावर ‘कायमची जुनी’ अशी खूण केली नाही, आणि वय २०० कोटींच्या पुढं सरकत गेलं, की सर्व्हर डेटा वाचवण्यासाठी नवी लिखापढी नाकारतो. ॲपमधल्या एरर टिपणाऱ्या सेंट्रीला २०१५ मध्ये आणि मेलचिंपच्या मँड्रिल या ईमेल सेवेला २०१९ मध्ये याच कारणानं सेवा बंद पडल्याचा अनुभव आला. दोघांनी तो जाहीरपणे लिहिला. पीजी डेटाबेस या कॅटलॉगमधून डॅटफ्रोझनएक्सआयडीचं एज रोज मोजा. २० कोटींना सक्तीचा व्हॅक्युम आपोआप सुटतो, ते नॉर्मल आहे, घाबरू नका. ५० कोटींच्या वर जाऊ लागलं तर कुणीतरी अडवतंय. जुने लेख अशा वेळी सर्व्हर बंद करून सिंगल-यूजर मोडमध्ये जायला सांगतात. आता त्याची गरज नाही आणि अधिकृत दस्तऐवजही तसं न करण्याचंच सांगतो. अडवणारा काढा, चालू सर्व्हरवरच साधा व्हॅक्युम द्या. फुल नको.

पीजी वॉल भरलं: रिमूव्ह करू नका

वॉल म्हणजे प्रत्येक बदल आधी जिथं लिहिला जातो ती नोंदवही. डेटा डिरेक्टरीत पीजी वॉल नावाचं तिचं फोल्डर ४० जीबी झालंय, आत १६-१६ एमबीच्या अडीच हजार फाइली. पूर्वी या फोल्डरचं नाव पीजी एक्सलॉग होतं. ‘लॉग’ शब्द बघून लोक जुन्या फाइली उडवायचे आणि डेटाबेस उठायचाच नाही. शेवटी दहा आवृत्तीत नाव बदललं. नाव बदललं तरी डिस्क भरली की बोटं तिकडंच वळतात.

या फाइली साचण्यामागं बहुतेक वेळा दोनातलं एक कारण असतं.

पहिलं, स्लॉट. कुणीतरी रेप्लिका किंवा डेटा पुढं पाठवणारं एखादं टूल लावलं, नंतर ते मशीन काढून टाकलं, स्लॉट मात्र राहिला. पोस्टग्रेस त्या न येणाऱ्या पाहुण्यासाठी ताट वाढून बसतो. पीजी रेप्लिकेशन स्लॉट्समध्ये ॲक्टिव्ह खोटं असलेला स्लॉट शोधा, त्याचा रिस्टार्ट एलएसएन (वॉलमधलं ठिकाण) आताच्या एलएसएनपासून किती मागं आहे ते पीजी वॉल एलएसएन डिफ या फंक्शननं बाइटमध्ये काढा. खरंच बेवारस आहे याची खात्री करून पीजी ड्रॉप रेप्लिकेशन स्लॉट. मग एक चेकपॉइंट द्या (मेमरीतले बदल डेटा फाइलींत उतरवा), फाइली आपोआप जातील. पुढच्यासाठी मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ लावून ठेवा. तेरा आवृत्तीपासून आहे, डिफॉल्ट उणे १ म्हणजे अमर्याद. डिस्कच्या साधारण एक पंचमांश ठेवलं तर मेलेला स्लॉट प्रायमरीला सोबत घेऊन बुडत नाही. बदल्यात ती रेप्लिका पुन्हा शून्यापासून उभारावी लागेल, हे मान्य असायला हवं.

दुसरं, वॉलच्या फाइली बॅकअपसाठी दुसरीकडं पाठवणारी आर्काइव्ह कमांड फसतेय. समोरची डिस्क भरली, लॉगिनची ‘की’ बदलली, परवानगी गेली. पीजी स्टॅट आर्काइव्हरमध्ये फेल्ड काउंट आणि लास्ट फेल्ड वॉल बघा. घाईत आर्काइव्ह कमांडच्या जागी नुसतं ‘ट्रू’ टाकून फाइली सोडवता येतात, पण त्या क्षणी तुमची बॅकअपची साखळी तुटते. तसं केलंत तर लगेच नवा बेस बॅकअप घ्या.

मॅक्स वॉल साइझ १ जीबी असताना ४० कसे झाले, असंही विचारलं जातं. ती मर्यादा सैल आहे. चेकपॉइंट किती लवकर करायचा एवढंच ती ठरवते. स्लॉट आणि आर्काइव्ह तिला जुमानत नाहीत.

डिस्क पूर्ण भरून सर्व्हर बसलाच, तर आधी त्याच डिस्कवरच्या टेक्स्ट लॉग फाइली हलवा. त्या हलवायला हरकत नसते. यासाठी स्वस्तातला इलाज म्हणजे डेटाच्या डिस्कवर आधीच २ जीबीची एक बिनकामाची फाइल करून ठेवणं. अडचणीत ती उडवायची, सर्व्हर उठवायचा, मग शांतपणे स्लॉट बघायचा. दिसायला गावठी, पण रात्री दोनला सोन्याहून पिवळी.

ऑल्टर लटकलं, आणि त्याच्यामागं सगळं गाव

रकाना वाढवणं अकरा आवृत्तीपासून, साधं डिफॉल्ट असलं तरी, क्षणाचं काम आहे. टेबल पुन्हा लिहिलं जात नाही. तरी प्रोडक्शनमध्ये त्यानंच ठप्प होतं. कारण रांग. समजा एक रिपोर्ट त्या टेबलातून २० मिनिटं वाचतोय. ऑल्टरला पूर्ण लॉक हवा, तो रिपोर्ट संपेपर्यंत थांबतो. आता त्यानंतर आलेलं प्रत्येक सिलेक्ट ऑल्टरच्या मागं उभं राहतं, जरी ते रिपोर्टच्या बरोबरीनं सहज चाललं असतं. दोन मिनिटांत कनेक्शनं संपतात आणि वरचा ‘टू मेनी क्लायंट्स’ दिसतो. म्हणून ऑल्टरआधी त्याच सेशनमध्ये लॉक टाइमआउट ३ सेकंद लावा. नाही मिळाला लॉक, तर एरर येऊ द्या, मिनिटभरानं पुन्हा प्रयत्न करा. स्क्रिप्टमध्येच दहा वेळा प्रयत्न करायची सोय ठेवा.

कोण कुणाला अडवतंय हे पीजी ब्लॉकिंग पीआयडीज या फंक्शनला अडकलेल्याचा पीआयडी देऊन कळतं. साखळीच्या टोकाला पोचा; मधल्या माणसाला मारून उपयोग नाही. मग पीजी कॅन्सल बॅकएंड, त्यानं चालू क्वेरी रद्द होते. आयडल इन ट्रान्झॅक्शनवर कॅन्सलचा काही परिणाम होत नाही, कारण रद्द करायला क्वेरीच नसते; तिथं पीजी टर्मिनेट बॅकएंड लागतं. लिनक्सवरून किल उणे नऊ मात्र कधीही नको. एक बॅकएंड असा मेला की मुख्य प्रोसेस शेअर्ड मेमरी बिघडली असेल असं धरून सगळ्यांची कनेक्शनं तोडते आणि क्रॅश रिकव्हरीत जाते.

इंडेक्स बनवताना कन्करंटली लावा, म्हणजे टेबलावरचं लिहिणं थांबत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तो मध्येच फसला तर अर्धवट, इनव्हॅलिड इंडेक्स मागं राहतो, क्वेरीला उपयोग शून्य आणि प्रत्येक इन्सर्टला भार पूर्ण. हे पीएसक्यूएल या कमांड लाइन टूलमध्ये टेबलाचं वर्णन मागवल्यावर ‘इनव्हॅलिड’ म्हणून दिसतं. ड्रॉप करून पुन्हा बनवा.

मेमरी, थोडक्यात

१६ जीबीच्या, फक्त डेटाबेससाठी असलेल्या मशीनवर सुरुवात अशी करा: शेअर्ड बफर्स ४ जीबी, इफेक्टिव्ह कॅश साइझ १२ जीबी, मेंटेनन्स वर्क मेम ५१२ एमबी ते १ जीबी, वर्क मेम १६ एमबी, एसएसडी असेल तर रँडम पेज कॉस्ट ४ वरून १.१. शेअर्ड बफर्सला रीस्टार्ट लागतो, बाकीच्यांना रीलोड पुरतो. इफेक्टिव्ह कॅश साइझ मेमरी घेत नाही, प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) अंदाज देतो एवढंच.

घात करतो तो वर्क मेम. तो कनेक्शनला एकदा मिळत नाही, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला वेगळा मिळतो. ६४ एमबी ठेवला, १०० कनेक्शनांवर तीन-तीन सॉर्ट चालले, तर १९ जीबी. मग मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा लिनक्सचा ओओएम किलर येतो आणि वर सांगितलेलं किल उणे नऊ तोच करतो. सगळ्यांना १६ ठेवा, रिपोर्टच्या रोलला २५६ द्या. लॉग टेम्प फाइल्स १० एमबीवर लावली की कुठली क्वेरी डिस्कवर सांडतेय ते लॉगमध्ये येतं, आणि वाढवायचं कुणासाठी ते अंदाजानं ठरवावं लागत नाही.

लॉगिनच्या तक्रारींवर तीनच वाक्यं: कुणाला कुठून आत घ्यायचं ते ठरवणारी पीजी एचबीए फाइल वरून खाली वाचली जाते, पहिली जुळणारी ओळ लागू होते आणि ती नापास झाली तर पुढची बघितली जात नाही. म्हणून खाली घातलेली तुमची नवी ओळ वरच्या सैल ओळीमुळे कधी वापरलीच जात नाही. फाइल बदलल्यावर रीलोड करा, आणि पीजी एचबीए फाइल रूल्स हा व्ह्यू बघा, चुकीची ओळ तो एररसकट दाखवतो.

बॅकअप आहे म्हणजे काय आहे?

३१ जानेवारी २०१७ ला कोड ठेवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबच्या एका इंजिनिअरनं रेप्लिकाची समजून प्रायमरीची डेटा डिरेक्टरी पुसली. चूक कुणाच्याही हातून झाली असती. पुढचं जास्त शिकवणारं आहे. रोजचा पीजी डंप (डेटाबेसची फाइलीत उतरवलेली प्रत) बरेच दिवस फसत होता, कारण सर्व्हर ९.६ चा आणि डंप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा होता. जुना पीजी डंप नव्या सर्व्हरला हात लावायला नकार देतो. फसल्याची ईमेल जात होती, पण पलीकडचा मेल सर्व्हर ती परत फिरवत होता. शेवटी कामाला आला तो सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला डिस्कचा स्नॅपशॉट. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. कंपनीनं हे सगळं उघडपणे मांडलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

त्यामुळे ‘फसलं तर कळवा’ अशी सूचना लावू नका. ‘यशस्वी झाल्याचा निरोप २६ तासांत आला नाही तर ओरडा’ अशी लावा. फाइलचा आकार कालच्याशी ताडून बघा.

पीजी डंप ५० जीबीपर्यंत सुखाचा. कस्टम किंवा डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये घ्या. साध्या एसक्यूएल फाइलमधून समांतर रिस्टोअर होत नाही. डंप घेताना समांतर जॉब हवे असतील तर डिरेक्टरी फॉरमॅटच लागतो. डंपमध्ये रोल आणि पासवर्ड येत नाहीत. ते पीजी डंपऑलला ‘ग्लोबल्स ओन्ली’ सांगून वेगळे घ्यायचे. रिस्टोअर झाल्यावर ॲनलाइझ चालवायला विसरलात तर प्लॅनरकडे आकडेवारीच नसते आणि ‘नवा सर्व्हर जुन्याहून मंद’ अशी ओरड होते.

डंप हा घेतल्या क्षणाचा फोटो. दुपारी ३:१० ला कुणी व्हेअर न लिहिता डिलीट केलं, तर ३:०९ ला परतायला बेस बॅकअप (डेटा डिरेक्टरीची पूर्ण प्रत) आणि सलग वॉल आर्काइव्ह हवं. हे हातानं स्क्रिप्ट लिहून करण्यापेक्षा पीजीबॅकरेस्ट किंवा बारमन ही बॅकअपची टूलं वापरा. आर्काइव्ह कमांडमध्ये नुसतं कॉपी टाकण्याचा तोटा असा की, फाइल डिस्कवर पक्की उतरण्याआधीच ती ‘झालं’ म्हणते. आणि रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. ते डिलीट तिच्यावरही सेकंदाच्या आत पोचलेलं असतं.

महिन्यातून एकदा वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करा आणि घड्याळ लावून वेळ लिहून ठेवा. ‘किती वेळ लागेल?’ हा प्रश्न वरून येणारच आहे.

मराठी डेटा आणि जुना क्रम धरून बसलेला इंडेक्स

हा भाग इंग्रजी लेखांत सहसा सापडत नाही. व्हारकॅर या मजकुराच्या रकान्यातला आकडा बाइटांचा नसतो, कोडपॉइंटांचा (युनिकोडमधल्या एकेका चिन्हाचा) असतो, डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांचा तर नाहीच. ‘विठ्ठल’ आपल्याला तीन अक्षरी. पोस्टग्रेसला व, ह्रस्व वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल असे ६ कॅरॅक्टर आणि १८ बाइट. नावाला व्हारकॅर २० दिलं तर जोडाक्षरांची लांब आडनावं मावत नाहीत आणि एरर येते; सरळ टेक्स्ट वापरा, वेगात फरक नाही.

‘दुसऱ्या’ हा शब्द एक जण नुक्तावाल्या ऱ नं टाइप करतो, दुसरा साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह वापरून. दिसायला सारखे, युनिक इंडेक्सला दोन वेगळे. तेरा आवृत्तीपासून असलेलं नॉर्मलाइझ फंक्शन र अधिक नुक्ता यांना एकत्र ऱ करतं, पण जॉइनरचं रूप किंवा ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र ही जोडी ते एक करत नाही. ती रिप्लेसनं, डेटा आत येतानाच बदलावी लागते.

क्रमाचं आणखी वेगळं. कोलेशन (मजकुराचा क्रम लावायचा नियम) ‘सी’ असेल तर कोडपॉइंटप्रमाणे ळ हा ल नंतर लगेच येतो, म्हणजे ‘काळे’ आधी आणि ‘कावळे’ नंतर. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या पुढं. आडनावांची यादी छापायची असेल तर ऑर्डर बायला आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन द्या आणि याच दोन आडनावांवर तपासून बघा.

आता धोका. टेक्स्टवरचा इंडेक्स बनवताना जो क्रम होता तो इंडेक्सनं धरून ठेवलेला असतो, आणि तो क्रम डेटाबेसचा नसतो, ऑपरेटिंग सिस्टिमच्या ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीचा असतो. ग्लिबसी २.२८ मध्ये हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. डेबियन ९ वरून १०, किंवा रेड हॅट ७ वरून ८ वर जाताना डेटा डिरेक्टरी तशीच उचलून नेली, किंवा फिजिकल रेप्लिका करून तिकडं उडी मारली, की इंडेक्स जुन्या क्रमानं रचलेला आणि शोध नव्या क्रमानं. ओळ टेबलात असते, इक्वल्स लावून सापडत नाही. युनिक असूनही दुसरी ओळ आत शिरते. एरर कुठंच नाही.

अशी उडी मारली असेल तर ‘सी’ कोलेशन सोडून बाकी सगळे टेक्स्ट आणि व्हारकॅरचे इंडेक्स रीइंडेक्स करा. आकड्यांचे आणि तारखांचे सोडून द्यायला हरकत नाही. बारा आवृत्तीपासून रीइंडेक्स कन्करंटली करता येतं. आधी शंका तपासायची असेल तर ॲमचेक एक्स्टेंशनचं बीटी इंडेक्स चेक चालवा. युनिक इंडेक्सावर रीइंडेक्स फसलं तर डुप्लिकेट आत शिरलेल्या आहेत. त्या शोधताना सेट करून इंडेक्स स्कॅन, इंडेक्स ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन बंद ठेवा, नाहीतर बिघडलेला इंडेक्सच तुम्हाला ‘सगळं ठीक आहे’ म्हणून सांगेल. पंधरा आवृत्तीपासून कनेक्ट होताना कोलेशनची आवृत्ती जुळत नसल्याची वॉर्निंग येते. ऑल्टर डेटाबेस रिफ्रेश कोलेशन व्हर्जन दिलं की ती वॉर्निंग गप्प होते, इंडेक्स मात्र तसाच राहतो. म्हणून आधी रीइंडेक्स, मग रिफ्रेश.